गळ्यातले मडके ते हॅशटॅग : आपले शरीर कसे दिसावे हे कोण ठरवणार?

मिशीला पीळ देऊन, निळा फेटा बांधून, बुलेटवर बसून फोटो टाकणारी आपली पोरे पाहिली की दोन प्रकारचे लोक नाक मुरडतात. पहिले म्हणजे गावातले जातदांडगे. त्यांना तो फोटो आव्हान वाटतो. दुसरे म्हणजे आपल्याच चळवळीतले काही ज्येष्ठ. ते म्हणतात, "बाबासाहेबांनी हातात पुस्तक दिले आणि ही पोरे मोबाइल घेऊन नटत बसली आहेत. हॅशटॅगने कधी क्रांती झाली आहे का?"

पहिल्यांसाठी कायदा आहे, त्यावर पुढे बोलू. दुसऱ्यांशी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण ते आपले आहेत आणि त्यांचा प्रश्न अर्धा बरोबर आहे.

आमचे म्हणणे असे की, जातव्यवस्थेने शेकडो वर्षे आपल्या शरीरावर हुकूम चालवला. काय नेसायचे, काय घालायचे, कुठे थुंकायचे, कसे चालायचे, हे सगळे तिने ठरवले. त्यामुळे आपले शरीर आपल्या मर्जीने जगाला दाखवणे ही थिल्लर गोष्ट नाही. बाबासाहेबांनी स्वतः ही लढाई लढली आहे. पण त्यांच्या लढाईत पोशाखाच्या मागे परिषद होती, ठराव होते, कोर्ट होते. आजच्या हॅशटॅगच्या मागे काय आहे, हा खरा प्रश्न आहे. तो इतिहासाच्या उजेडात तपासू या.

जात दिसत नाही, म्हणून ती दाखवावी लागली

दोन अनोळखी माणसे शेजारी उभी केली तर कोणाची जात कोणती हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. जातव्यवस्थेची ही मोठी अडचण होती. ती सोडवण्यासाठी तिने शरीरावर खुणा लादल्या. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी पेशवाईतले नियम नोंदवले आहेत. अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकूनही कोणाला विटाळ होऊ नये. पुण्यात कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे पावलांचे ठसे मागच्या मागे पुसले जावेत. गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे थुंकी जमिनीवर पडू नये. काळा दोरा, झाडू आणि मडके ही त्या काळातली ओळखपत्रे होती. फरक एवढाच की ती आपण निवडलेली नव्हती.

हे फक्त पुण्यातच होते असे नाही. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकायला बंदी होती. कित्येक दशकांच्या संघर्षानंतर २६ जुलै १८५९ रोजी राजाने जाहीरनामा काढून परवानगी दिली. पण तिच्यातही अट होती. अंग झाका, मात्र उच्चवर्णीय स्त्रिया झाकतात तसे झाकू नका! म्हणजे भांडण लज्जेचे नव्हते, बरोबरीचे होते. आमच्यासारखे दिसू नका, एवढाच त्या अटीचा अर्थ.

महाड आणि इंदूर : काही दिवसांचे अंतर

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा.

२५ ते २७ डिसेंबर १९२७ या काळात महाडला सत्याग्रह परिषद झाली. पहिल्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली. २७ तारखेला बाबासाहेब परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बोलले. तुमच्या पेहरावावरून तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. लुगडे उच्चवर्णीय स्त्रिया नेसतात तसे पायघोळ नेसा. हातभर पाटल्या-बांगड्या आणि गळाभर कथलाचे दागिने घालू नका. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले आणि लुगडे नेसण्याची पद्धत तिथेच बदलली.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंदूर संस्थानातली एक बातमी आली. बाबासाहेबांनी ती पुढे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये वापरली. कनारिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला नियम घालून दिले होते. पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही. स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी कपडे वापरायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला. मग त्यांचे विहिरीवरचे पाणी बंद झाले, गुरे चारायला बंदी आली. संस्थानाच्या दरबाराकडून वेळेवर न्याय मिळाला नाही. शेकडो बलाईंना बायका-मुलांसह पिढ्यान्‌पिढ्यांची गावे सोडून शेजारच्या संस्थानांत जावे लागले.

महाडला आपल्या स्त्रिया लुगडे पायघोळ नेसत होत्या त्याच दिवसांत इंदूरकडे धोतराचा काठ कोणता असावा यावरून माणसे गावाबाहेर काढली जात होती. पोशाख ही किरकोळ बाब आहे, असे म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हा प्रसंग आठवावा. बाबासाहेबांचा कोट-टाय हीदेखील हौस नव्हती. ज्या समाजाला चिंधी नेसायची सक्ती होती, त्याच्या नेत्याने अंगभर नीटनेटका पोशाख करणे हे विधान होते. म्हणूनच गावोगावच्या पुतळ्यांत तो निळा कोट आहे आणि म्हणूनच जातीयवाद्यांना तो पुतळा खुपतो.

पण महाडची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. लुगड्याबरोबर तिथे हक्कांचे ठराव झाले. चवदार तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. शरीरावरची खूण एका रात्रीत बदलता आली. तळ्याच्या पाण्याचा हक्क मिळवायला दहा वर्षे कागदपत्रे सांभाळावी लागली.

नाकाचे माप

"तू दलित वाटत नाहीस." शहरातल्या कॉलेजात किंवा ऑफिसात हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल! बोलणाऱ्याला वाटते त्याने कौतुक केले. त्याच्या डोक्यात 'दलित कसा दिसतो' याचे एक चित्र आहे. हे चित्र आले कुठून?

त्याचा एक धागा इंग्रजी राजवटीत सापडतो. हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. त्याने त्याआधी बंगालमध्ये माणसांची नाके मोजली होती. नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण काढायचे आणि त्यावरून वंश ठरवायचा, असे ते तथाकथित शास्त्र होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा निष्कर्ष त्याने काढला. वरच्या जातींना हे आयतेच मिळाले. कालपर्यंत धर्मग्रंथ सांगत होता, आता 'विज्ञान' सांगू लागले.

बाबासाहेबांनी या दाव्याला भावनेने उत्तर दिले नाही. 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या जातींच्या नाकांची मापेच समोर मांडली. ही मापे खरी धरली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, अस्पृश्यतेला वांशिक आधार उरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. विरोधकाची फूटपट्टी घेऊन विरोधकालाच मोजण्याची ही पद्धत आपण विसरता कामा नये. आज "आम्हीच मूळ काळ्या रंगाचे, ते गोरे परकीय" अशा पोस्ट आपलेच काही जण फिरवतात. ते नकळत रिस्लेची फूटपट्टी पुन्हा हातात घेतात. बाबासाहेबांनी ती मोडून टाकली होती.

पँथरपासून हॅशटॅगपर्यंत

शरीराचा अभिमान या गोष्टीचे आपले आंतरराष्ट्रीय नातेही जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. १९६० च्या दशकात तिथे 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' ही घोषणा घुमली, १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ज्या रंगाची, ज्या केसांची, ज्या भाषेची लाज वाटावी असे शिकवले गेले, त्याच गोष्टी ताठ मानेने मांडायच्या, हे पँथरच्या पिढीने मराठीत करून दाखवले.

मग हॅशटॅग आला. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना या अमेरिकन तंत्रज्ञाने ट्विटरवर तो पहिल्यांदा सुचवला. त्याच्या अकरा महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, खैरलांजी घडले होते. त्या हत्याकांडाची मोठ्या माध्यमांनी कित्येक आठवडे नीट दखल घेतली नाही. आपल्याच कार्यकर्त्यांनी तथ्यशोधन केले, पत्रके छापली, ईमेल पाठवले, रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे देशाला कळले. हॅशटॅगची टिंगल करणाऱ्यांनी तो काळ आठवावा. बातमी कोणती आणि कोणती नाही, हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर आपण नव्हतो. आजही फारसे नाही.

शरीर कसे दाखवले जाते यावरचा एक विलक्षण हॅशटॅग ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत आला. फर्ग्युसन शहरात पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. माध्यमांनी त्याचा 'गुंड' वाटेल असा फोटो वापरला. तेव्हा कृष्णवर्णीय तरुणांनी '#इफ दे गन्ड मी डाउन' या हॅशटॅगखाली स्वतःचे दोन-दोन फोटो टाकले. एक पार्टीतला, एक पदवीदानाच्या झग्यातला किंवा गणवेशातला. प्रश्न एकच होता. मला गोळी घातली तर तुम्ही यातला कोणता फोटो छापाल? माणूस तोच, पण फोटो बदलला की तो बळीचा आरोपी होतो. हे आपल्यालाही ओळखीचे आहे.

मिशी

आपल्याकडे तसा क्षण २०१७ साली गुजरातेत आला. गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात सप्टेंबरच्या अखेरीस मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली. काही दिवसांतच गुजरातेतल्या शेकडो तरुणांनी व्हॉट्सॲपचा डीपी बदलला. पीळदार मिशी, वर मुकुट आणि खाली 'मिस्टर दलित'. '#दलित विथ मुस्टाश' या हॅशटॅगखाली देशभरातून मिशीचे फोटो आले. इंदूरच्या बलाईंना जरीची पगडी नाकारली त्याला नव्वद वर्षे होत आली होती. पगडीच्या जागी मिशी आली, हुकूम तोच राहिला. पण या वेळी बलाईंसारखे गाव सोडून जाणे नव्हते. उत्तर उघड होते आणि हजारो चेहऱ्यांनी एकत्र दिले होते.

याच घटनाक्रमातली एक गोष्ट आपल्याला टोचली तरी सांगितली पाहिजे. त्या गावातल्या एका अल्पवयीन मुलावर ब्लेडने हल्ला झाल्याची बातमीही तेव्हा देशभर फिरली. नंतर पोलिसांनी सांगितले की तो हल्ला मुलाने स्वतःच घडवून आणला होता. एवढ्यावरून "सगळेच खोटे" असे म्हणायला विरोधक मोकळे झाले. आधीची मारहाण मागे पडली. हॅशटॅग वेगाने धावतो, पण पडताळणी कोणीतरी गावात जाऊन करावी लागते. खैरलांजीच्या वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी केले ते हेच काम होते.

आणि मिशीची किंमतही लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात रुग्णालयात काम करणाऱ्या एका दलित तरुणाचा भोसकून खून झाला. तो मिशीला पीळ दिलेले, रुबाबदार फोटो सोशल मीडियावर टाकत असे. पोलिसांनी जुने वैर हे कारण सांगितले. त्याच्या जवळच्यांना मात्र खुपणारी गोष्ट कोणती होती हे ठाऊक होते. लाइक देणारे हजारो असतात, गावाच्या वाटेवर तो एकटाच असतो.

जखमी शरीर

सोशल मीडियावर आपले दुसरे एक शरीर फिरते, ते म्हणजे मार खाणारे. ११ जुलै २०१६ रोजी उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून मारले. तो व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला आणि फिरवला. त्यांच्या दृष्टीने तो धाक होता, गळ्यात मडके अडकवण्याचाच प्रकार. आपण तोच व्हिडिओ पुरावा म्हणून फिरवला. देश हादरला. पण उनाचे आंदोलन तिथे थांबले नाही. सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. ५ ते १५ ऑगस्टदरम्यान अहमदाबाद ते उना पदयात्रा निघाली. मेलेली गुरे उचलणार नाही, अशी शपथ घेतली गेली आणि प्रत्येक कुटुंबाला पाच एकर जमिनीची मागणी झाली. व्हिडिओतले शरीर मार खाणारे होते, पदयात्रेतले शरीर जमीन मागणारे होते. महाडची परंपरा ती ही.

सप्टेंबर २०२० मध्ये हाथरस झाले. पोलिसांनी मुलीचा मृतदेहसुद्धा घरच्यांच्या हाती न देता रात्रीतून जाळला. 'दलित लाइव्ह्ज मॅटर' हा हॅशटॅग जगभर गेला. पण त्याच लाटेत तिचे नाव, तिची दवाखान्यातली दृश्ये आणि एका भलत्याच मुलीचा फोटोही फिरला. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. सवर्ण पीडितेच्या वेळी जी मर्यादा पाळली जाते ती आपल्या मुलीच्या वेळी का सुटते? आणि ती सोडणाऱ्यांत आपणही असतो, हे अधिक दुःखाचे.

कोणते शरीर वर, कोणते खाली

हॅशटॅग आपला असला तरी ज्या जागेवर तो चालतो ती जागा कंपनीची आहे. मार्च २०२० मध्ये 'द इंटरसेप्ट' या संकेतस्थळाने टिकटॉकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. कुरूप चेहरे, बेढब शरीरे, अपंगत्व, झोपडपट्टी, पडकी घरे असे व्हिडिओ नव्या प्रेक्षकांपुढे ढकलू नयेत, अशा सूचना त्यांत होत्या. कंपनीने त्या आता वापरात नसल्याचे सांगितले. वापरात असोत वा नसोत, कोणते शरीर 'दाखवण्यालायक' हे ठरवणारे कोणीतरी बसले होते, एवढे त्यावरून कळते.

रंगाचेही तेच. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलींना सावळेपणाची लाज शिकवली. २०१६ मध्ये टेक्सासमधल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने आपल्या दक्षिण आशियाई मैत्रिणींचे फोटो काढून '#अनफेअर अँड लव्हली' हा हॅशटॅग सुरू केला आणि सावळ्या मुलींनी आपले फोटो टाकले. २०२० मध्ये, अमेरिकेतल्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या लाटेत, कंपनीने क्रीमचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नाव बदलले, क्रीम विकणे चालूच आहे. वस्तीतल्या मुलींशी बोलताना आम्हाला दिसते की फोटो टाकण्याआधी चेहरा उजळवणारा फिल्टर लावणे ही आता सवय झाली आहे. निळ्या झेंड्याखालचा सेल्फीसुद्धा गोरा होऊन येतो!

आणि एक शरीर तर कुठल्याच हॅशटॅगमध्ये टिकत नाही. गटारात उतरणारे. मिशीचा फोटो देखणा असतो, मार खाण्याचा व्हिडिओ थरारक असतो. मैल्याने माखलेले शरीर कोणालाच पाहायचे नसते. सफाई कर्मचारी आंदोलनाने त्यासाठी १२५ दिवसांची भीमयात्रा देशभर काढली आणि १३ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत संपवली. 'आम्हाला मारणे थांबवा' हीच तिची हाक होती. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हे ट्रेंडने मिळाले नाही. वर्षानुवर्षे मृतांची नावे, गावे, तारखा वहीत नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांनी मिळवले.

मग करायचे काय?

तरुण मित्रांनो, फोटो टाका. मिशी ठेवा, केस मोकळे सोडा, फिल्टर काढा, आवडेल ते नेसा. त्याला कोणाची परवानगी नको, आपल्या ज्येष्ठांचीही नको. पण फोटोबरोबर कायदाही माहीत असू द्या. ॲट्रॉसिटी कायद्यातली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(ई) मध्ये कपडे उतरवणे, जबरदस्तीने मुंडण करणे, मिशी काढणे, तोंडाला किंवा अंगाला रंग फासणे हे गुन्हे म्हणून लिहिले आहेत. कलम ३(१)(झेडए) मध्ये सायकल किंवा मोटारसायकल चालवणे, चप्पल किंवा नवे कपडे घालणे, वरात काढणे, घोड्यावर बसणे यांपासून रोखणे गुन्हा आहे. मिशी हा शब्द देशाच्या कायद्यात आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? ते कलम डीपीखाली लिहा.

अत्याचाराची पोस्ट टाकण्याआधी घटनास्थळी कोणाला तरी फोन करा. पीडितेचे नाव आणि चेहरा झाका. हॅशटॅगबरोबर गुन्हा नोंद क्रमांक, तपास अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पुढची सुनावणी लिहा, आणि ट्रेंड विझल्यावरही त्या तारखेला कोर्टात हजर राहा. तिथे साक्षीदार एकटा उभा असतो.

ज्येष्ठांनाही नम्रपणे सांगतो, महाडला आपल्या बाया लुगडे नीट नेसू लागल्या तेव्हाही "नटायला लागल्या" म्हणणारे असतीलच. बाबासाहेबांनी त्यांना नटू दिले आणि त्याच मांडवात मनुस्मृती जाळली. आजच्या पोरांच्या हातात मोबाइल आहे. त्यांना मांडवात बोलवा, ठराव लिहायला बसवा. मिशीचा फोटो ते काढतीलच, खटल्याची फाइल सांभाळायला आपण शिकवू.

जय भीम! नमो बुद्धाय!